खाडी सर्वांची, उघाडी एकाची

आखातातली नोकरी संपवून कायमचा गावी परतलेला माणूस कोकणात भेटला, की चहा संपायच्या आत एक प्रश्न बहुधा निघतोच : खाजणाची जमीन पडून आहे, कोळंबीचा प्रकल्प टाकला तर कसे? मग बीज कोठून आणायचे, खाद्याचा भाव काय, विजेचे बिल किती येईल, पन्नास काउंटच्या मालाला काय दर मिळतो, याची तपशीलवार चर्चा होते. आणि पाणी? असे विचारले तर उत्तर एका वाक्यात मिळते : "पाण्याचे काय, खाडी समोरच तर आहे!"

या धंद्यातले बरेचसे अपयश या एका उत्तरात दडलेले आहे, असे आमचे मत आहे. जमीन आपल्या नावावर असते, भांडवल आपले असते, बीज आणि खाद्य आपण विकत घेतो. पाणी मात्र विकत घ्यावे लागत नाही, म्हणून त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. पण कोळंबी जमिनीत वाढत नाही, पाण्यात वाढते. आणि ते पाणी एकट्याचे नसते. वापरून झाल्यावर ते परत खाडीत जाते आणि पुढच्या भरतीला शेजाऱ्याच्या तलावात शिरते, कधी कधी आपल्याच तलावात परत येते.

धंदा मोठा आहे यात शंका नाही. २०२३-२४ या वर्षात भारताने ६०,५२३ कोटी रुपयांची समुद्री उत्पादने निर्यात केली. त्यांपैकी ४०,०१३ कोटी रुपये एकट्या गोठवलेल्या कोळंबीचे होते. एवढ्या मोठ्या व्यापारात आपल्या तरुणांनी उतरावे, असे आम्हांलाही वाटते. म्हणूनच पाण्याची गोष्ट आधी बोलली पाहिजे.

खाद्य जाते कुठे?

एक ढोबळ हिशेब मांडून पाहू. एक हेक्टरच्या तलावातून पाच टन कोळंबी काढायची, तर साधारण साडेसात टन खाद्य लागते. खाद्यात प्रथिने ३५ टक्के धरली, तर ती २,६२५ किलो होतात. प्रथिनांत नत्र असतो सुमारे १६ टक्के. म्हणजे आपण तलावात ४२० किलो नत्र ओतला. काढलेल्या पाच टन कोळंबीच्या अंगात त्यातला साधारण १४५ किलो असतो. उरलेला पावणेतीनशे किलो गेला कुठे? न खाल्लेले खाद्य, विष्ठा आणि कोळंबीच्या शरीरातून बाहेर पडणारा अमोनिया या रूपांत तो तलावातच राहिला.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर हा नत्र सुमारे ६०० किलो युरियाइतका आहे. म्हणजे ४५ किलोच्या तेरा गोण्यांहून अधिक. त्यातला काही तळाच्या गाळात बसतो, काही हवेत निघून जातो आणि राहिलेला पाण्याबरोबर उघाडीतून खाडीत उतरतो. खाडीच्या काठावर उभे राहून तेरा गोण्या युरिया कोणी पाण्यात ओतू लागला, तर गाव त्याचा हात धरील. तोच ऐवज पाण्यात विरघळून गेला, की कोणाला दिसत नाही.

हे पाणी आधी मालकालाच नडते. नत्र आणि स्फुरद वाढले की पाणी हिरवेगार होते. या हिरव्या शेवाळकणांकडून दिवसा प्राणवायू तयार होतो, पण रात्री तेही प्राणवायू वापरतात. त्यामुळे पहाटेच्या वेळी तलावात प्राणवायू सर्वांत कमी असतो. लिटरला चार मिलिग्रॅमच्या खाली तो उतरू लागला की कोळंबीची भूक मंदावते, वाढ खुंटते, रोगाशी झुंजण्याची ताकद जाते. आणखी उतरला की ती काठाला येऊन पृष्ठभागावर तरंगू लागते. दुपारी उलटा प्रकार होतो : पाण्याचा सामू चढतो, ऊन वाढते आणि दोन्हींमुळे अमोनियाचा विषारी भाग वाढतो. तळाचा गाळ काळा पडून सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागला, तर गंधकाचा विषारी वायू तयार झाला असे समजावे. अनुभवी संवर्धक म्हणूनच पहाटे चार वाजता तलावावर हजर असतो. काळी-पांढरी तबकडी पाण्यात सोडून ती तीस ते चाळीस सेंटिमीटरवर दिसेनाशी होते की नाही, हे तो रोज पाहतो. मोबाईलवर बाजारभाव पाहणे सोपे आहे. नफा मात्र पहाटेच्या या फेरीत ठरतो.

खाडी म्हणजे समुद्र नव्हे

"एवढ्या मोठ्या समुद्रात आपले पाणी ते किती?" असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. पण आपले प्रकल्प समुद्राला लागून नाहीत, खाडीला लागून आहेत. खाडीत गेलेले पाणी ओहोटीला थोडे खाली सरकते आणि भरतीबरोबर बरेचसे परत वर येते. उधाणाच्या दिवसांत अदलाबदल जोरात होते. भांगाच्या दिवसांत पाणी जागच्या जागी डुलत राहते. कोकणातल्या खाड्या पावसाळ्यात धुऊन निघतात हे खरे. पण मार्च ते मे या महिन्यांत, उन्हाळी पीक ऐन भरात असताना, वरून गोडे पाणी फारसे येत नाही. नेमके तेव्हाच प्रत्येक जण पाणी बदलत असतो.

केंद्राच्या किनारी जलकृषी प्राधिकरणाच्या नियमांतही हा फरक दिसतो. तलावाचे पाणी सोडताना त्याची सेंद्रिय घाण मोजणारा जो निकष आहे, त्याला जैविक प्राणवायूची मागणी म्हणतात. खुल्या समुद्रात सोडायच्या पाण्यासाठी ही मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे. खाडीत सोडायच्या पाण्यासाठी फक्त २०. खाडीची पचवण्याची ताकद कमी, हे नियम करणाऱ्यांना कळले आहे. ते उघाडी उघडणाऱ्याला कळायला हवे.

खाडीवर जगणारे इतरही आहेत. ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या, मुळे आणि कालवे गोळा करणाऱ्या बायका, लहान होडीतून बोय, काळुंदर, जिताडा पकडणारे दाल्दी, भोई आणि कोळी बांधव, यांच्याकडे ना सातबारा असतो ना बँकेचे कर्ज. शिंपल्यातला जीव तर पाणी गाळूनच अन्न मिळवतो. पाण्यातली घाण आणि जंतू त्याच्या अंगात साठतात. प्रकल्पवाल्याचे एक पीक गेले तर तो दुसरे घेईल. या बायकांची रोजची पाटी रिकामी राहिली, तर त्यांच्या चुलीला दुसरा आधार नसतो.

पूर्व किनाऱ्याचा धडा

आपल्याकडे प्रकल्प अजून विखुरलेले आहेत, म्हणून नुकसान एकदम डोळ्यांत भरत नाही. दाटी झाली की काय होते, हे पूर्व किनाऱ्याने आधीच पाहिले आहे. १९९० च्या सुमारास आंध्र आणि तामिळनाडूत टायगर कोळंबीची लाट आली. नेल्लोर जिल्ह्यातील कंदलेरू खाडीच्या काठी तलावाला तलाव लागले. एकाच खाडीतून सर्वांनी पाणी उचलले आणि त्याच खाडीत सोडले. १९९४ साली पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू आला, तेव्हा त्याला वाट शोधावी लागली नाही; सर्वांचे पाणी एकमेकांना जोडलेलेच होते. १९९४-९५ मध्ये या रोगाने पूर्व किनाऱ्यावरचे अनेक संवर्धक धुऊन नेले. त्याआधी १९८८ मध्ये तैवानचा आणि १९९३ मध्ये चीनचा कोळंबी उद्योग असाच कोसळला होता. भारतात हे सर्वांना माहीत होते. पण लाटेत कोणी थांबले नाही.

भूदान चळवळीत काम केलेले तामिळनाडूचे सर्वोदयी नेते एस. जगन्नाथन यांनी किनाऱ्यावरील शेतकरी आणि मच्छीमारांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. विहिरी खारट झाल्या, भातशेती गेली, मच्छीमारांची समुद्राकडे जाण्याची वाट अडली, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. ११ डिसेंबर १९९६ रोजी न्या. कुलदीप सिंग आणि न्या. सगीर अहमद यांच्या खंडपीठाने किनारा नियमन क्षेत्रातील पारंपरिक नसलेले तलाव ३१ मार्च १९९७ पर्यंत काढून टाकण्याचा आदेश दिला. प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी हे तत्त्वही लागू केले. पुढे फेरविचाराच्या अर्जांमुळे अंमलबजावणी थांबली आणि २००५ साली संसदेने किनारी जलकृषी प्राधिकरण कायदा केला. नोंदणी सक्तीची झाली. २००९ पासून व्हेनामी या परदेशी जातीला परवानगी मिळाली, पण चौरस मीटरला ६० पेक्षा जास्त बीज सोडायचे नाही आणि सांडपाण्यावर प्रक्रिया केल्याशिवाय ते सोडायचे नाही, अशा अटींवर. २०२३ च्या दुरुस्तीने तुरुंगवासाची शिक्षा काढून दंडाची तरतूद केली आहे. म्हणजे सरकारने धाक कमी केला आणि विश्वास वाढवला. त्या विश्वासाला आपण पात्र आहोत काय, एवढाच प्रश्न उरतो.

रात्री उघडणारी उघाडी

आता या विषयातली सर्वांत अवघड गोष्ट. रोग आला की संवर्धक काय करतो? कवचावर पांढरे ठिपके दिसू लागल्यापासून तीन ते दहा दिवसांत तलाव संपू शकतो. हा विषाणू माणसाला अपाय करत नाही. पण कोळंबीवर त्याचे औषध नाही. विषाणूवर प्रतिजैविके चालत नाहीत, हे ठाऊक असूनही घाबरलेला माणूस ती खाद्यात मिसळतो आणि मालात त्यांचा अंश सापडला की परदेशी बंदरातून माल परत येतो. २०१६ मध्ये युरोपीय संघाने भारतातून येणाऱ्या संवर्धित कोळंबीच्या तपासणीचे प्रमाण १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेले, ते याच कारणाने. त्याचा भुर्दंड प्रामाणिक संवर्धकांनाही बसला.

नियम असा आहे, की रोगट तलावाचे पाणी आतच कोंडून, क्लोरीनने निर्जंतुक करून, त्याचा असर उतरल्यावरच सोडावे. एक हेक्टरचा, चार फूट खोल तलाव म्हणजे सव्वा कोटी लिटरच्या आसपास पाणी. त्याला पाऊण ते सव्वा टन ब्लीचिंग पावडर लागते. पीक बुडालेल्या माणसाला हा खर्च जड वाटतो. मग रात्रीच्या ओहोटीला उघाडी उघडते. सकाळी तलाव रिकामा असतो, आणि दोन भरत्यांत रोग शेजाऱ्याच्या दारात असतो.

असे करणारा माणूस वाईटच असतो असे नाही. बहुतेक वेळा तो कर्जात बुडालेला असतो. खाद्य उधारीवर, बीज उधारीवर, आणि बदल्यात माल त्याच व्यापाऱ्याला त्याच्याच भावाने द्यायचा बोलीचा व्यवहार. उधारी फेडायची म्हणून तो बीज जास्त सोडतो. बीज जास्त म्हणून खाद्य जास्त. खाद्य जास्त म्हणून पाणी खराब. पाणी खराब म्हणून रोग. पाण्यातल्या माशाचा सौदा हे फिकहच्या ग्रंथांत 'गरर'चे, म्हणजे अनिश्चिततेच्या व्यवहाराचे, ठरलेले उदाहरण आहे. त्या मनाईमागचे शहाणपण खाजणाच्या बांधावर उभे राहिले की नीट समजते. हातात न आलेल्या मालावर उभा केलेला व्यवहार माणसाला शेवटी पाण्याशी आणि शेजाऱ्याशी बेइमानी करायला लावतो.

आपल्या दीनमध्ये पाण्याकडे सर्वांच्या सामायिक हक्काची वस्तू म्हणून पाहिले आहे. साठलेल्या पाण्यात घाण करू नये, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची ताकीद लहानपणी मदरशातच कानांवर पडलेली असते. विहिरीभोवतीची जागा राखीव ठेवण्याचा नियम आपल्या फकीहांनी शतकांपूर्वी बांधून दिला. नमाज-रोजे हा बंदा आणि अल्लाह यांच्यातला मामला. पण शेजाऱ्याचे पीक बुडवले, शिंपले वेचणारीची पाटी रिकामी केली, तर तो बंद्यांचा हक्क आहे, आणि तो ज्याचा त्याने माफ केल्याशिवाय सुटत नाही. कोळंबी हलाल आहे की नाही, यावर आपल्याकडे तासन्‌तास चर्चा होते. ती कोणत्या पाण्यात वाढवली आणि ते पाणी कुठे सोडले, यावर मिनिटभरही होत नाही.

कारखान्यांचे काय?

येथे एक आक्षेप येणारच. लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्याने दाभोळ खाडीतले मासे मरतात, त्यावर मच्छीमार वर्षानुवर्षे आंदोलने करीत आहेत. शहरांची गटारे थेट खाड्यांत उतरतात. मग गरीब कोळंबीवाल्यालाच शहाणपण का शिकवता? आक्षेप खोटा नाही. रसायनांच्या तुलनेत कोळंबीच्या तलावाचे पाणी सौम्य आहे, आणि ते स्वच्छ करणे पुष्कळ सोपेही आहे.

पण कारखान्याला खाडीचे पाणी स्वच्छ लागत नाही, आपल्याला लागते. खाडी बिघडली तर त्याचे उत्पादन थांबत नाही, आपले थांबते. उद्या कारखान्याविरुद्ध तक्रार घेऊन प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे किंवा न्यायालयात जायचे झाले, तर आपल्या पाण्याच्या नोंदी आपल्या हातात हव्यात आणि आपली उघाडी स्वच्छ हवी. ज्याचे हात माखलेले आहेत त्याची फिर्याद कोण ऐकणार?

काय करता येईल?

पहिली गोष्ट, प्रकल्पाच्या अर्जाआधी पाण्याची पाहणी करावी. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा अशा तिन्ही ऋतूंत, भरती आणि ओहोटीला, खारटपणा, सामू, प्राणवायू आणि अमोनिया तपासून घ्यावा. रत्नागिरीत शिरगावचे मत्स्य महाविद्यालय आहे, मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. तेथील जाणकारांचा सल्ला घ्यावा. वर्षभर थांबणे जिवावर येते, पण आखातातली पंधरा वर्षांची कमाई पाण्यात घालायची आहे, तर ते पाणी वर्षभर पाहायला हरकत नसावी.

दुसरी गोष्ट, एकूण क्षेत्राच्या निदान एक दशांश जागा निवळण-तळ्यासाठी सोडावी. वापरलेले पाणी तेथे थांबले की गाळ तळाला बसतो. त्यात बोय, कालवे किंवा शिनाणे वाढवले, तर विरघळलेल्या घाणीचा काही भाग तेही कमी करतात आणि थोडे उत्पन्नही देतात. दशांश जागा गेली म्हणून दशांश उत्पन्न गेले, असे कोणी म्हणेल. वर्षातल्या दोन पिकांपैकी एक रोगाने गेले, तर निम्मे जाते. व्यापारी माणसाला यापेक्षा जास्त समजावण्याची गरज नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, एका खाडीवरच्या सर्व संवर्धकांनी एकत्र बसावे. पाणी कोणी कोणत्या दिवशी घ्यायचे आणि कोणी कधी सोडायचे याचे तिथीवार वेळापत्रक ठरवावे. बीज एकाच सुमारास सोडावे. खाडीवर मासेमारी करणाऱ्यांना आणि शिंपले वेचणाऱ्या बायकांना त्या बैठकीत जागा द्यावी; पाणी बिघडल्याचे त्यांना आपल्या आधी कळते.

आणि याच बैठकीत एक निधी उभारावा. काढणीच्या प्रत्येक किलोमागे पाच रुपये बाजूला काढले, तर एका पिकाला पाच टन काढणाऱ्या दहा जणांच्या दोन पिकांतून वर्षाला पाच लाख रुपये जमतात. ज्याच्या तलावात रोग आला, त्याने त्याच दिवशी सांगायचे आणि उघाडी बंद ठेवायची. पाणी निर्जंतुक करण्याचा खर्च निधीने द्यायचा, पुढच्या बीजालाही बिनव्याजी हातभार लावायचा. मात्र ज्याने लपवून पाणी सोडले, त्याला काही मिळणार नाही. आपल्या गावोगावच्या जमाती मशिदीची व्यवस्था पाहतात, कब्रस्तानाची भिंत बांधतात, लग्नाचे वाद मिटवतात. खाडीच्या पाण्यासाठी शेजारच्या कोळीवाड्याला आणि भोईवाड्याला बरोबर घेऊन एक समिती करणे त्यांना अवघड नाही.

सरकारकडेही एक मागणी आहे. नोंदणीचा कागद चेन्नईहून येतो. पण पाणी तपासणारी प्रयोगशाळा खाडीपासून एका सकाळच्या अंतरावर हवी. अहवाल येईपर्यंत पीक बुडाले, तर त्या अहवालाचा उपयोग फक्त फाइलीला.

मात्र सरकारची वाट पाहत बसू नये. रात्री दोन वाजता कोणता निरीक्षक बांधावर येणार आहे? तेथे असतो तो संवर्धक, त्याचा राखणदार आणि अल्लाह. कर्जाच्या भीतीने उघाडीच्या फळीला लागलेला हात कायदा थांबवू शकत नाही. शेजारी पाठीशी उभे आहेत ही खात्री मात्र थांबवू शकते. ती खात्री देणे हे शेजाऱ्यांचे काम आहे, आणि ते या हंगामाचे बीज पाण्यात पडण्यापूर्वी झाले पाहिजे.